साठ रुपयांची सीडी

प्रभुअण्णा तोलाईदाराची गोष्ट सांगायची म्हंजे आधी माझं कर्म सांगावं लागतंय, आणि ते सांगायला मला काय हौस आलेली न्हाय. पण गल्लीत लोकं अजून वाट्टेल ते बोलतात. म्हाताऱ्याचं काळीज दगडाचं हुतं, पोरगी वाट बघत बसली आणि ह्यो ढिम्म हालला न्हाय, असं. ऐकलं की माझं टाळकं फिरतंय. म्हणून एकदा सगळं सांगून मोकळा होतो.

मी बाळासो. शाहूपुरीत माझं गेम पार्लर हुतं, 'दीप्ती कॉम्प्युटर गेम्स'. दीप्ती माझी पोरगी. चार कॉम्प्युटर, एक खडखडणारा पंखा, दाराला पडदा. दोन हजार एक ते सात चालवलं. कॉलेजची पोरं यायची, गाड्या पळवायची, गोळ्या घालायची, एकमेकाच्या खानदानाचा उद्धार करायची आणि जायची. गेममधी गोष्ट असती, माणसं बोलतात, ते कोण ऐकतंय? व्हिडिओ सुरू झाला की फाडकन एस्केप. माझ्या चारी कीबोर्डांवर पहिल्यांदा एस्केपचं बटण झिजलं.

अण्णा गूळ बाजारात तोलाईदार. गाडीतनं गूळ उतरला की रवे, म्हंजे गुळाच्या ढेपा, काट्यावर चढवायचे आणि वजन पुकारायचं, एवढंच काम, तीस वर्षं. दर खेपेला तागडीवर फुंकर मारायचा, काटा थरथरायचा थांबला की मग तोंड उघडायचा. अडत्या एका बाजूला डोळे वटारून, शेतकरी दुसऱ्या बाजूला हात जोडून, पण अण्णानं पुकारलं की विषय संपला. पुकारलेलं वजन त्यानं कधी बदललं न्हाय. घरात बी तीच तऱ्हा. आमटीत मीठ कमी पडलं तर बायकोला, आमच्या मल्लव्वाकाकूला, म्हणायचा, "चिमूटभर कमी हाय." रागानं न्हाय, नुसतं पुकारायचा.

माझा बा, गुंडू हमाल, त्याच बाजारात पाठीवर रवे वाहायचा. बा आणि अण्णा एका शेडात तीस वर्षं राबले. आम्ही बौद्ध, अण्णा लिंगायत, गळ्यात लिंग, कपाळाला विभूती, सकाळी पूजा झाल्याबिगर पाण्याचा घोट बी घेणार न्हाय. पण बा गेला तेव्हा पहिला खांदा अण्णानं दिलता. संध्याकाळी बाजार उठला की माझ्या दुकानात यायचा, माझ्या हातचा चहा प्यायचा, पेपर चाळायचा आणि जायचा. माणूस म्हणून वाईट म्हणायला जागा नव्हती.

एकुलती एक पोरगी, सौंदर्या. हुशार. इंजिनिअर झाली आणि बेंगलोरला कॉम्प्युटरचे गेम बनवणाऱ्या कंपनीत लागली. ती तिथं गेमच्या गोष्टी लिहायची. दोन हजार एकला तिनं तिकडंच सार्थकबरोबर कोर्टात लग्न केलं. सार्थक म्हंजे आमच्यातला, बौद्ध. शिकलेला, निर्व्यसनी, बोलायला गोड. अण्णानं त्या दिवसापासनं पोरीचं नाव टाकलं. मेली म्हणून आंघोळ तेवढी केली न्हाय, बाकी सगळं केलं.

आता मला सांगा, माझं डोकं सटकणार न्हाय? माझ्या हातचा चहा चालतोय, माझ्या बाच्या तिरडीला खांदा चालतोय, आणि जावई म्हटला की चालत न्हाय? एकदा तोंडावर बोललो. अण्णा म्हणाला, "ते येगळं, हे येगळं." मी म्हटलं, "काय येगळं, अण्णा? एकदा काट्यावर घालून सांगा की." तो उठून गेला. चार दिवसांनी परत आला, मी परत चहा दिला. पण माझ्या मनात ते कुसळ राहिलं, आणि ते राहिलं म्हणूनच पुढचं घडलं असं मला वाटतंय.

दोन हजार चारच्या जानेवारीत अण्णा भरदुपारी आला. अंगावर बाजारातले कपडे, हाताला गूळ चिकटलेला. खिशातनं इंग्रजी पेपराचं कात्रण काढून माझ्यापुढं ठेवलं.

"बाळासो, ह्यो खेळ घेण्याजोगा हाय का बघ."

मी वाचलं. गेमचं नाव 'द वेईंग हाऊस', आपल्यात तोलघर म्हणा. एका डोंगराळ गावात एक म्हातारा तोलाईदार हाय. लोकं त्याच्याकडं धान्य आणतात, भांडणं आणतात, आणि खेळणाऱ्यानं निवाडा करायचा. मारामारी न्हाय, गाड्या न्हाय, जिंकायचं बी काय न्हाय. पेपरवाल्यानं लिहिलंतं, विचार करायला लावणारा गेम. किंमत एक हजार एकशे नव्व्याण्णव.

मी हसलो. "विचार करायला बाराशे रुपये? विचार फुकट येतोय की, अण्णा! असला गेम मी दुकानात घेतला तर पोरं मला जोड्यानं मारतील."

अण्णा म्हणाला, "पोरीनं लिवलाय."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. दोन महिन्यांपूर्वी सौंदर्यानं ह्याच गेमचं पार्सल पाठवलंतं, आणि अण्णानं ते न फोडता पोस्टमनच्या हातात परत दिलंतं. त्यावर तिचं आईला पत्र आलं, आत हे कात्रण. लिहिलंतं, अप्पांना सांग, हा खेळ शेवटपर्यंत बघा. मला जे बोलायचं हाय ते शेवटी हाय. बघून बी त्यांचं मन झालं न्हाय, तर मी पुन्हा कागद टाकणार न्हाय. काकूनं पत्र वाचून दाखवलं आणि महिनाभर ह्या माणसाच्या घशाखाली घास उतरंना. पण परत लावलेलं पार्सल पुन्हा मागायचं कुठल्या तोंडानं? म्हणून विकत घ्यायचा विचार.

तरी लगेच घेईल तर तो अण्णा कसला. पंधरा दिवस रोज येऊन विचारायचा. "किती दिस लागतात?" "मला जमंल का?" "मधीच बंद पडतोय का?" "बाराशेला हाय, तर मालात काय असणार?" महिन्याच्या कमाईतला मोठा घास हुता तो, पण खरी गोष्ट पैशाची नव्हती. त्याला भ्या हुतं. आत काय निघंल ह्याचं.

शेवटी मी वैतागलो. म्हटलं, "अण्णा, बाराशे कशाला घालवता? साठ रुपयांत आणून देतो."

आमच्या धंद्यात सगळे तेच करायचे. खरा गेम तीन-तीन सीडींचा असायचा. पुण्याचा एक माणूस एसटीनं थैलीभर नकला घेऊन यायचा, एकेका सीडीत एक गेम. तीन सीडींचा माल एका सीडीत मावायचा कसा? व्हिडिओ काढून टाकायचे, आवाज काढून टाकायचे, खेळायपुरतं ठेवायचं. मला हे ठाऊक हुतं. सगळ्या पार्लरवाल्यांना ठाऊक हुतं. पोरं एस्केपच दाबणार, मग व्हिडिओ असला काय आणि नसला काय.

अण्णानं ती सीडी हातात घेतली, उलटी-पालटी केली. वर स्केचपेननं नाव लिहिलेलं.

"पुरं हाय न्हवं ह्यात?"

"पुरं हाय, अण्णा. गुंजभर कमी न्हाय."

तोलाईदाराला असं सांगितलं मी. सवयीनं बोललो. आणि खरं सांगायचं तर मनात हे बी आलं, की जो माणूस पोरीचं पार्सल परत लावतोय त्याला कशाला पायजे बाराशेचा माल?

अकरा दिवस अण्णा बाजार उरकून तीन नंबरच्या कॉम्प्युटरवर बसला. त्याला इंग्रजी येत नव्हतं, म्हणून मी शेजारी स्टूल टाकून पडद्यावरची अक्षरं वाचायचो आणि मोडकंतोडकं मराठी करून सांगायचो. आवाज तर नव्हताच, पण नकलांत तो नसायचाच, त्याचं मला काय वाटलं न्हाय. पोरं खिदळायची, "अण्णा, हाणा की एक गोळी!" मी दोघांना कानाला धरून बाहेर काढलं.

पहिल्याच दिवशी गेममधल्या म्हाताऱ्यानं तागडी उचलली आणि तीवर फुंकर मारली. अण्णाचा हात माऊसवर थांबला.

"हे कुणी सांगितलं त्यास्नी?"

"कुणाला?"

"कंपनीला."

"तुमच्या पोरीनं, आणि कुणी!"

दुसऱ्या दिवशी अण्णा धुतलेला सदरा घालून आला.

त्या गेमात एक विधवा बाई पोतं घेऊन येती. वजनात कमी भरतंय. खरं पुकारलं तर सावकार तिचं घर घेणार, खोटं पुकारलं तर तोलघराची अब्रू जाणार. अण्णानं क्षणात खरं पुकारलं. बाई पोरं घेऊन गाव सोडून गेली, पुढं तिचं घर मोकळंच दिसत राहिलं. त्या रात्री म्हणं अण्णाला झोप न्हाय. दुसऱ्या दिवशी आल्या-आल्या मला म्हणाला, "बाळासो, मागं जाता येतंय काय? त्या बाईचं वजन बदलायचं हाय."

ज्यानं तीस वर्षांत एक पुकारा मागं घेतला न्हाय, तो माणूस हे बोलतोय! मी गेम मागं नेला. अण्णानं वजन बदललं आणि बाई घरात राहिली. तोलघराची अब्रू गेली ती गेली. अण्णा म्हणाला, "जाऊ दे तिकडं."

नवव्या दिवशी जाताना त्यानं विचारलं, बेंगलोरची गाडी किती वाजता असती. मी वेळ सांगितली. मनात म्हटलं, जितलीस गं पोरी.

अकराव्या दिवशी शेवट आला. गेममधी पाऊस लागलाय, तोलघराचं दार बंद हाय, म्हातारा एकटा बसलाय. पडद्यावर अक्षरं आली, ती मी वाचली. "दारात कोणतरी आलंय. कडी वाजतीया." खाली दोन बटणं. उघडा, नका उघडू.

अण्णा हालला न्हाय. पाच मिनिटं, दहा मिनिटं. कपाळाची विभूती घामानं ओघळाय लागली. मी म्हटलं, "मी दाबू का?" तर माझा हात झटकला. मग स्वतःच माऊस सरकवला आणि 'उघडा'वर दाबलं.

दार हळूहळू उघडलं. पडदा काळा झाला. आणि गेम परत पहिल्या पानावर आला, जिथनं नवा डाव सुरू करतात तिथं.

"काय झालं?"

"काय की. परत करू."

परत गेलो. त्यानं परत उघडलं. काळं. तिसऱ्यांदा उघडलं. काळं.

अण्णानं माऊस सोडला. मग म्हणाला, "बाहेर कुणीच न्हाय की रं, बाळासो."

त्या वेळी माझ्या ह्या रिकाम्या टाळक्यात एकदा तरी यायला पायजे हुतं की बाबा, इथं व्हिडिओ असंल आणि तो कापलाय. न्हाय आलं! माझ्या दुकानात कुठल्या गेमचा शेवटचा व्हिडिओ कुणी बघितला हुता? उलट मी शहाणपणा पाजळला. म्हटलं, "अण्णा, ह्या विचार करायला लावणाऱ्या गेमांचा शेवट असाच असतोय. अधांतरी. आपण समजून घ्यायचं."

अण्णानं समजून घेतलं. "म्हंजे आता उघडून बी उपयोग न्हाय, असं म्हणती ती." एवढंच बोलला, चपला घातल्या आणि गेला. बेंगलोरच्या गाडीचं नाव परत काढलं न्हाय. घरी काकूला सांगितलं, शेवटपर्यंत बघितलं, त्यात काय न्हाय. तिकडनं बी पत्र आलं न्हाय. तिनं लिहिलंच हुतं तसं.

पुढच्या वर्षी जूनमधी अण्णा बाजारात काट्याशेजारी टेकला तो उठलाच न्हाय. त्यांच्यात बसवून माती देतात, तशी दिली. सौंदर्या आणि सार्थक बेंगलोरहून गाडी करून आले. बायकांच्या घोळक्यातनं ती माझ्याकडं आली. डोळे सुजलेले.

"बाळासोदादा, अव्वा म्हणती, अप्पांनी तुमच्याकडं गेम बघितला. शेवटपर्यंत?"

मी छाती पुढं काढून सांगितलं, "व्हय तर. माझ्यासमोर."

तिनं मान हलवली, पदर तोंडाला लावला आणि माघारी गेली. आणखी काय विचारलं न्हाय. तिला वाटलं, तिचं सगळं बोलणं ऐकून बी बाप आला न्हाय. आणि हे तिला मी सांगितलं, माझ्या ह्या तोंडानं.

अजून वर्षभरानं, मे महिन्यात, राजारामपुरीतल्या एका दुकानात तोच गेम दिसला. खरा, खोक्यातला. जुना झाला म्हणून एकशे नव्व्याण्णवला लावलेला. का कोण जाणे, घेतला. अण्णाची आठवण म्हणून म्हणा. दुकानात बसून आठवडाभर खेळलो. आता सगळी माणसं बोलत हुती, हसत हुती, रडत हुती. तिथंच मला ती साठ रुपयांची सीडी आठवली.

शेवटी कडी वाजली. मी दार उघडलं. पडदा काळा झाला न्हाय.

दारात एक पोरगी उभी हुती, भिजलेली. आवाज सौंदर्याचा. म्हणाली, "अप्पा." तेवढा एक शब्द आपला, पुढं इंग्रजी. "कोण बरोबर आणि कोण चुकलं, ते तोलायला मी आले न्हाय. मला भूक लागलीया." मग तो म्हातारा बाजूला सरतोय आणि ती आत येती. दोघं चुलीपाशी बसतात. खाली अक्षरं, कथा आणि आवाज सौंदर्या, अप्पांसाठी.

मी शटर ओढून घेतलं आणि ढसाढसा रडलो. साठ रुपयांसाठी न्हाय वो, त्यात मला मिळणार किती! दहा रुपये. पण जे ऐकायला त्या माणसानं तीनदा दार उघडलं, तेवढंच नेमकं मी त्याला दिलं न्हाय.

दहा दिवस कुणाला बोललो न्हाय. मग कळलं, अण्णाच्या वर्षाच्या दिवसाला सौंदर्या येणार हाय. गेलो. जंगम, म्हंजे त्यांच्यातले गुरू, जेवून गेलते, सार्थक त्यांना सोडायला गेलता. घरात मायलेकीच. काकू परातीत उरलेला भात काढत हुती. "ये बाळासो, बस," म्हणाली. मी बसलो न्हाय. उभ्यानंच सगळं सांगितलं, सीडी कापलेली हुती इथपासनं ते 'बाहेर कुणीच न्हाय' इथपर्यंत. काय लपवलं न्हाय, माझ्या मनातलं कुसळ बी सांगितलं.

सौंदर्यानं विचारलं, "उघडलं होतं? किती वेळा?"

"तीन."

ती रडाय लागली. "अव्वा, ऐकलंस? अप्पांनी उघडलं होतं."

काकूनं उलथनं परातीत आपटलं. माझ्यावर अशी नजर टाकली की मला वाटलं, आता कानाखाली बसती. बसली असती तर बरं झालं असतं.

"तू माती खाल्लीस, बाळासो. त्ये मी इसरणार न्हाय," ती म्हणाली. "पण तुझ्या त्या डब्यातलं दार काय सांगतोस मला? हितलं दार बघ की. दोन हजार दोनच्या दिवाळीत ही पोरगी नवऱ्याला घेऊन ह्या उंबऱ्याच्या भायेर उभी हुती. पाऊण तास कडी वाजवत हुती. मी चुलीपाशी, तव्यावर भाकरी. म्हटलं, उघडा वो, पोर हाय आपली. तर उठला, दारापतूर गेला, कडीवर हात ठेवला आणि तसाच उभा राह्यला."

मला हे ठाऊक नव्हतं. गल्लीत बी कुणाला नसावं. सौंदर्यानं तोंड वर केलं. रडणं थांबलंतं तिचं.

"अव्वा, कडीवर हात होता?"

"व्हय."

"मी बाहेर उभी होते तेव्हा अप्पा दाराच्या आत उभे होते?"

"तर काय सांगतीया! ही एवढी फळी तेवढी मधी."

"मला वाटलं, ते आतल्या खोलीत जाऊन बसले असतील. किती वेळ होते?"

"तू जाईपतूर," काकू म्हणाली. "आणि तू गेल्यावर बी. माझी भाकरी करपून कोळसा झाली, तरी त्यो तितंच हुता."